छप्पर सरांचा पाच

छप्पर सर गणित कधी आधी वाचत नसत. मोबाईल हातभर लांब धरून, मान तिरकी करून आधी त्याचं बांधकाम बघत. मूळचे किल्लारीचे, लातूरच्या आमच्या क्लासमध्ये गणित शिकवत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. क्लासच्या सराव परीक्षेचं ॲप करायला लागलो होतो आणि सगळ्यांनाच घाबरत होतो. पहिलं वर्गमूळ दाखवलं, तर सर म्हणाले, "लेका, ह्यातला पाच भिजून राहिला की!"

क्ष अधिक पाच, या सगळ्याचं वर्गमूळ हवं होतं. पण मुळाच्या चिन्हाची वरची रेघ क्षवरच संपली होती. पाच उघड्यावर, म्हणजे उत्तरच वेगळं. त्या रेघेला सर छप्पर म्हणत, म्हणूनच पोरांनी त्यांना छप्पर सर केलं होतं. मी घाईनं रेघ लांब केली, वर चांगली जाडही केली. सर म्हणाले, "आमच्या घराचं मातीचं माळवद असंच लई दणकट होतं. भूकंपात तेच अंगावर आलं. जड छप्पर माणूस मारतं, आखूड छप्पर उत्तर मारतं. बारीक ठेव, पण पुरती ओढ." हसावं की नाही, मला कळेना. ते मात्र हसत होते.

उंच अपूर्णांकाभोवती बुटका कंस दिसला की विचारत, "थोरल्याला धाकट्याची चड्डी घातली व्हय रे?"

ॲपचं उद्घाटन ठरलं. त्यातलं गणित तपासून होकार द्यायचं काम सरांकडं होतं. "त्या दिवशी चालू झालं नाही, तर सर, दुसरा क्लास बघा," असं क्लासच्या मालकांनी बजावलं. उद्घाटनाच्या सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक होतं. सरांच्या जुन्या, तडकलेल्या मोबाईलवर मात्र रेघ पुन्हा आखूड!

"एवढीशी रेघ बघणार कोण?" मालक म्हणाले.

"ज्याच्याकडं असला फोन हाय, त्यो. आपली निम्मी पोरं," सर म्हणाले. आणि हार घातलेल्या मालकांशेजारी उभं राहून त्यांनी पालकांना सांगून टाकलं, "ॲप आज चालू होणार न्हाई. छप्पर घालायचं राहिलंय."

पालक खो खो हसले. मालक हसले नाहीत.

सर नायगावच्या एका शाळेत गेले. निघताना म्हणाले, "तू ऱ्हा. रेघ पुरी कर."

केली. ॲप उघडलं की आता आधी वर मालकांचा फोटो येतो, खाली गणित. ते सरांना पाठवलं आणि भीत भीत फोन लावला.

"थांब, चष्मा लावू दे." मोबाईल कानापासून लांब गेल्याची खरखर आली.

"पाच कोरडा हाय," सर म्हणाले. "पण वर मालकाचा फोटो लई जड झालाय. भूकंपाला जप."