वगळलेलं प्रकरण

आमच्या नांदेडच्या कॉलेजसमोर एक झेरॉक्सवाला आहे. काहीही विचारा, आधी ‘हाव’ म्हणतो, प्रश्न मग समजून घेतो. नोट्सच्या प्रती काढता काढता त्या वाचायची त्याला खोड आहे.

यंदा समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ‘समाज’ हे पहिलंच प्रकरण गेलं. ही संकल्पना जुनी झाली, आता व्यक्ती आणि तिची नेटवर्कं शिकवा, असं अभ्यास मंडळाच्या बैठकीत मीच ठासून सांगितलं होतं. ह्या गड्याच्या प्रत्येक गठ्ठ्यात मात्र ते प्रकरण होतंच, तेही फुकट.

“अहो, हे परीक्षेला नाही!” मी चिडलो.

“हाव सर.” त्यानं गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. “ह्या नोट्स हिमायतनगरच्या एका पोरीच्या. ती कवाच पास झाली. मागून येणाऱ्यांची ओळख न्हाई, पाळख न्हाई, तरी जाताना चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून ठेवून गेली. हे तुमच्या कोण्या नव्या प्रकरणात हाय?”

तो गठ्ठा मी घरी नेला आणि ते प्रकरण पुन्हा वाचून काढलं.

पुढच्या बैठकीत मी माझ्याच विरुद्ध भांडलो आणि जिंकलो. प्रकरण परत आलं! धावतच सांगायला गेलो.

“हाव,” तो पिन मारत म्हणाला, “पण आमच्याकडून गेलंच कवा होतं?”