नाकाखालची सावली

मी आजवर एकच तैलचित्र पूर्ण केलं आहे, आणि ते पाहून एक धडधाकट माणूस ढसाढसा रडला.

दारव्ह्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तैलरंग शिकायला घेतले. पहिलं चित्र बायकोचं, म्हणजे कुंदाचं काढायचं ठरलं. त्याला कारण होतं. आमच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये कुंदाचे डोळे मिटलेले आहेत. (माझे उघडे आहेत, पण त्यांत भीती आहे.)

"घरात एक तरी फोटो माह्यासारखा दिसनारा पायजे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मला भरूनच आलं. म्हटलं, हुबेहूब काढतो!

व्हिडिओतले गुरुजी म्हणाले, रंगात लिन्सीड ऑइल घाला. मी उन्हातान्हात सगळी बाजारपेठ पालथी घातली. कुणालाच माहीत नाही! घरी येऊन शब्दाचा अर्थ शोधला, तर जवस!

"चटनीतलं जवस?" कुंदा म्हणाली. "त्याचं घानीवरचं तेल हाय न घरात! कायले फिरून राह्यले?"

रंग त्या तेलात झकास कालवला गेला. फक्त वाळायचं नाव घेईना.

कुंदा खिडकीशी खुर्चीवर बसायची.

"हलू नको."

"अवो, दूध उतू चाललं!"

"जाऊ दे."

"तुमच्या चहाचं हाय."

"मग पळ!"

ती परत येईपर्यंत ऊन सरकलेलं असायचं. नाकाखाली सावली दिली की नाक उठून दिसतं, असं गुरुजींचं म्हणणं. मी सावली दिली. नाक उठेना. आणखी दिली. शेवटी नाक उठलं, पण कुंदाला मिशी आली!

"पुसा न ते!" कुंदा किंचाळली. मी फडकं फिरवलं. रंग ओलाच, मिशी गालभर पसरली आणि दाढी व्हायला लागली. घाबरून मी ती पुन्हा मिशीपुरती आवरली.

नेमका तेव्हाच कळंबहून कुंदाचा मोठा भाऊ, गुणवंतदादा, जीपमधून उतरून घरात आला. जाड मिशा, कपाळावर चिंतामणीचा टिळा, गळ्यात माळ, खांद्यावर दुपट्टा. चित्रापाशी येऊन थबकला.

"जवाईबापू... माहा फोटो काढला?"

मी तोंड उघडलं. तोवर दादा चित्रावर वाकला होता.

"टिळा बी काढला!" (ती टिकली होती.) "गळ्यातली माळ बी!" (मंगळसूत्र.) "दुपट्टा बी!" (पदर.) "अन् नाकावरचा मस बी नाही सोडला!" (चमकी. सोन्याची!) "केस तं जवानीतले देल्ले राजेहो!"

आणि दादा रडायलाच लागला. "बायको गेल्यापासून माह्याकडं कोनी धड पाह्यलं बी नाही. तुमी तं इतकं बारीक पाह्यलं!"

मी कुंदाकडे पाहिलं. तिनं मागितलेली एकुलती एक गोष्ट समोर मिशी लावून बसली होती. कुंदा दादाकडे पाहत राहिली, मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "घेऊन जा दादा. तुह्यासाठीच काढलं ह्यायनं."

दादानं चित्र छातीशी कवटाळलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यालाही मिशी आली. तसाच तो जीपमध्ये बसून कळंबला गेला.

मला फार वाईट वाटत होतं. कुंदाकडे बघायची छाती होईना. नवा कॅनव्हास लावला आणि म्हटलं, "बस. आता तुझंच काढतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले दादालेच समोर बसवा. मंग त्यात मी येईन."

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. दादा रविवारी बसायला येतोय.