उखाचा डावा डोळा

"सही करा," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

उखाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं सर्टिफिकेट होतं ते. दोन डॉक्टरांच्या सह्या लागायच्या. साहेबांची झाली होती. त्यांना घाई होती. बाहेर मोटार उभी होती.

"हा माणूस वेडा नाही, साहेब," मी म्हणालो.

"दिवसा घोरतो, रात्रभर अंगणात बडबडत बसतो. सख्खा भाऊ सांगतोय. आणखी काय पाहिजे?"

काय पाहिजे होतं ते कळायला चार महिने मागे जावं लागेल.

लढाईची वर्षं होती. तालुक्याच्या दवाखान्यात मी एकटा डॉक्टर. मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे सर्जन, महिन्यातून एकदा ऑपरेशनं करायला यायचे. उखा कळसाडीकडचा, वय पस्तीस. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा, दुधी डाग. दिसत काही नव्हतं. पण मळ्यावर बसून तो अंबाडीचे दोर असे वळायचा की आजूबाजूची चार गावं तेच वापरायची. त्याचा उजवा डोळा सुजून पुढे आला आणि ठणकायला लागला. तो काढणं भाग होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

डावा मात्र शांत होता. खिडकी उघडली की उखा तिकडे तोंड वळवायचा, हे मी रोज बघत होतो. त्याची बायको गोजरबाई म्हणाली होती, "सकायले उजेड पडना का आपलाआप उठी जास."

साहेबांनी भर दुपारी व्हरांड्यात त्याच्यापुढे मेणबत्ती धरली. "दिसते का?"

"नही," उखा म्हणाला.

त्या उन्हात मेणबत्ती मलाही धड दिसत नव्हती.

उखाला टेबलावर घेतल्यावर साहेब म्हणाले, "दोन्ही काढू. एक बिघडला की दुसऱ्याला धोका."

"डावा शांत आहे, साहेब. त्याला उजेड कळतो. थोडं थांबून बघू."

"तुम्ही एल.सी.पी.एस. ना?" म्हणजे पदवी नाही, नुसतं लायसन्स. "आंधळा डोळा ठेवून त्याची काय पूजा करायची? चिमटा द्या."

मी चिमटा दिला. आज ऐंशी ओलांडली, पण तो दिल्याचा स्वतःवरचा राग गेलेला नाही. उखाने अंगठा 'डोळ्याच्या ऑपरेशनला' दिला होता. किती डोळे, ते कागदावर नव्हतं.

जखमा छान भरल्या. महिनाभराने आठवडी बाजारच्या दिवशी गोजरबाई आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"दादा, हाऊ माणूस रातभर जागी ऱ्हायना. दिनले ताटवर झोपी जास. दीर म्हणस, याले भूत लागनं. आते काय करू?"

मी आधी अफू विचारली. नाही. ताप नाही, ठणका नाही. औषध द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून म्हणालो, "दर बाजारी येत जा. त्याला आदल्या दिवशी झोप कधी लागली, तेवढं सांग."

ती सहा कोस चालत यायची. मी लिहून घ्यायचो. पहिल्या बाजारी तिने सांगितलं, जेवणं झाल्यावर लगेच झोपला. मला वाटलं, बरा झाला. दुसऱ्या बाजारी मध्यरात्र उलटल्यावर. तिसऱ्या बाजारी कोंबडा आरवल्यावर. मग गुरं चरायला सोडली तेव्हा. मग दुपारच्या भाकरीला. मग गुरं परत यायच्या वेळी. सातव्या बाजारी पुन्हा रात्रीच्या जेवणानंतर.

मी वही समोर ठेवून बराच वेळ बसलो. यात वेडाचा काय संबंध? इतकं शिस्तीत कोणी वेडं होत नाही. माणसाची झोप रोज जवळजवळ अर्धा तास पुढे सरकत होती आणि दीड महिन्यात पूर्ण फेरी मारून जागेवर येत होती. मला एकच अर्थ लागला. शरीरात झोपेचं काहीतरी घड्याळ असावं. ते आपलं आपण थोडं मागे पडत असावं, आणि रोजचा उजेड ते लावून देत असावा. उखाच्या त्या दुधी डोळ्यातून चित्र जात नव्हतं, पण उजेड जात होता. आम्ही तो रस्ताच कापून टाकला होता.

हे सगळं मी त्या सर्टिफिकेटच्या दिवशी साहेबांना सांगितलं. वही पुढे धरली.

"झोपेचा आणि डोळ्याचा संबंध कोणत्या पुस्तकात वाचलात?"

"पुस्तकात नाही. गोजरबाईने सांगितलं."

साहेब हसले. ते हसले आणि माझं डोकं फिरलं.

"डावा डोळा काढायला नको होता, साहेब. मी तेव्हाच म्हणालो होतो. आता आपली चूक झाकायला त्या माणसाला वेड्यांत डांबणार? मी सही करणार नाही. वर विचारणा झाली तर ही वही दाखवीन."

"बदलीची तयारी ठेवा," ते म्हणाले आणि मोटारीत जाऊन बसले. कागद टेबलावरच राहिला. एका सहीवर माणूस वेडा ठरत नसे.

पंधरा दिवसांत मला नवापूरकडच्या डोंगरात पाठवलं. निघण्याआधी उखाच्या गावी गेलो. भावाला बसवून वही वाचून दाखवली. त्याने दोनदा विचारलं, "म्हणजे भूत नही ना?" मग गोजरबाईने स्वतःच व्यवस्था ठरवली. उखाला दिवसा झोप आली की मळ्यातल्या खोपीत निजवायचं, कोणी उठवायचं नाही. रात्री जागा असेल तर तिथेच दोर वळू द्यायचे. दोराला उजेड लागत नाही.

उखा दोर वळत ऐकत होता. मी उठलो तेव्हा म्हणाला, "डागदर, मन्हा डावा डोया काढा, तवय माले कोनी इचारं का?"

"नाही विचारलं," मी म्हणालो. "चुकलं आमचं."

त्याने हातातला पीळ सोडला नाही.

उखा घरीच राहिला, म्हातारा होईपर्यंत दोर वळत. मोठे साहेब बढती घेऊन, हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्या दिवसापासून मी मात्र कोणत्याही पेशंटला तपासण्याआधी त्याच्या घरच्या माणसाला विचारत आलो. आपण त्याला पाच मिनिटं बघतो, ते चोवीस तास बघतात. पदवी असलीच, तर ती मागाहून दाखवता येते.