मुळशीला उड्या मारत गेलेली आमची बस

पुण्याहून मुळशीला जायचं असेल तर सरळ एस.टी.त बसावं. खिडकीशी जागा धरावी, धरणाचं पाणी डोळे भरून बघावं, बरोबर नेलेली पोळी-भाजी खावी आणि परत यावं. इतक्या सोप्या गोष्टीला आम्हाला दोन दिवस, एक बस आणि तेहतीस कोटींपैकी पाच देव लागले. तो सगळा प्रकार लिहिते आहे तो एवढ्याचसाठी, की तुमच्या घरात कुणी जुनी बस घेण्याची गोष्ट काढली तर त्याला ताबडतोब चहा देऊन विषय बदलता यावा. आमच्याकडे चहाचं आधण ठेवायच्या आत बस दारात उभी होती.

बस आणली माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी. मूळचा तो लष्कराने मोडीत काढलेला ट्रक. त्यावर कुणीतरी बसची पेटी चढवली, मन भरेपर्यंत वापरली आणि मग आमच्या भाऊजींसारखं गिऱ्हाईक भेटल्यावर देवाचे आभार मानले असतील. भाऊजी कचेरीत फायलींना दोरे बांधतात, पण यंत्राचं ज्ञान त्यांना उपजतच आहे, असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी बाकं काढली, फळ्या ठोकल्या आणि जाहीर केलं, "वहिनी, हे फिरतं घर. आईला काशीला नेणार!"

आता यात खोट काढायला जागा नव्हती, कारण सासूबाईंना काशीला न्यायचं हे खरंच राहून गेलं होतं. मामंजी गेल्यापासून त्यांनी हा एकच हट्ट धरला होता. आगगाडीने एकदा निघाल्याही होत्या. पण परक्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, डब्यात बसून खायचं नाही, या नेमाने दौंडपर्यंतच जीव कासावीस झाला आणि तिथूनच परतल्या. त्यात आता पाठीचं दुखणं. डॉक्टरांनी बजावलेलं, पाठीला हिसका बसता कामा नये. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच निकाल दिला: "आधी मुळशीपर्यंत जाऊन येईन. पाठ धड राहिली तर काशी. नाही तर बस मोडीत घाला आणि माझ्यापुढे काशीचं नाव काढू नका."

काशीसाठी बसची आखणीही त्यांच्याच सांगण्यावरून झाली. पुढच्या अंगाला, चालकाच्या पाठीमागे देव्हारा. त्याच्याजवळ सोवळ्याची चूल. तिथे गेरूची लाल रेघ. रेघेच्या पुढे सोवळ्याशिवाय पाऊल नाही, आणि प्रवासात सोवळ्यात राहणार कोण, म्हणून गाडी चालू असताना तिथे कुणीच नाही. बाकीचा संसार मागे: पाण्याची दोन पिंपं, दगडी जातं (गिरणीचं पीठ सासूबाईंना चालत नाही), तांदूळ-डाळीची पोती, रॉकेलचा डबा, ट्रंका, आणि पोत्यांवर गादी घालून सासूबाई. हे सगळं इतकं मागे, की मागची चाकंसुद्धा आमच्या पुढे होती.

आता दोष काय ते सांगते. चांगल्या डांबरी रस्त्यावर बसने जरा वेग घेतला, की तिचं तोंड उसळायचं. खड्डा नाही, दगड नाही, आपलं उगीचच. पुढचं वर गेलं की मागचं खाली, मागचं वर आलं की पुढचं धप्प. भाऊजी स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे दिसायचे, आणि देव्हाऱ्यातली लहान पितळी घंटा आपली आपण वाजायची. अशी बिनपुजाऱ्याची आरती मी जन्मात ऐकली नव्हती.

भाऊजींनी निदान केलं. प्रथम म्हणाले, टायरमध्ये हवा जास्त आहे. हवा काढली. मग म्हणाले, चाकच वाकडं फिरतं. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. मग शॉकॲब्सॉर्बर बदलले. शेवटी कुण्या मेकॅनिकने छातीवर हात ठेवून सांगितलं, पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, मऊ पडलेत, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा घातला. तेव्हापासून बस पूर्वी उसळायची ती उडू लागली. मी प्रत्येक वेळी खर्च मांडला आणि देवापुढे निरांजन लावलं. दोहोंपैकी निरांजनाचा खर्च सत्कारणी लागला, एवढं नक्की.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे निघालो. सासूबाई, मी, आमचे हे आणि चालक म्हणून भाऊजी. कोथरूड मागे पडलं, चढ संपला, भूगावचं तळं धुक्यात निजलेलं होतं. जाणाऱ्यांनी इथे जरूर थांबावं, फार शांत जागा आहे. आम्ही थांबलो नाही, कारण थांबलो तर बस पुन्हा सुरू होईल याची खात्री भाऊजींना नव्हती. उतारावर वेग आला आणि घंटा सुरू झाली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पिंप धरलं, डोळे मिटले आणि रामरक्षा म्हणायला घेतली. हे मागे वळून म्हणाले, "आई, लागत नाही ना?"

"लागतंय. पण तू बघून कमी होणार आहे का? पुढे बघ."

पिरंगुटला इंजिनाच्या बंबातून वाफा निघू लागल्या. पाणी हवं होतं, आणि आमच्या पिंपांतलं पाणी काशीचा सराव म्हणून सोवळ्यात भरलेलं, म्हणजे बसला वर्ज्य. रस्त्याकडेला चारपाच धनगर बाया घोंगड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून होत्या. त्यांतली एक सत्तरीची, कपाळभर कुंकू, दणकट अंगाची. तिचं नाव ठकूबाई. तिने न विचारता आपली घागर बंबात ओतली आणि म्हणाली, "गाडी हाय का बकरं? मगाधरनं बगतुया, तितनं उड्या मारीतच आलीया."

"नवीन पाटे बसायचे आहेत अजून," भाऊजी म्हणाले.

"बसू द्या की मग. आमालाबी बसू द्या. पौडाला जायचंय, यष्टी गेली निघून."

पाणी घेतल्यावर नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी हळूच मला समजावलं, की पाणी गाडी प्यायली आहे, आपण नाही, तेव्हा विटाळ नाही. मी मान डोलावली. धर्माची इतकी बारीक उकल मॅट्रिकला शिकवत नाहीत. तेवढ्यात बाया वर चढल्या. मागे पाय ठेवायला जागा नव्हती. त्या सरळ पुढे वळल्या आणि रेघ ओलांडून देव्हाऱ्यासमोर ऐसपैस बसल्या, गठ्ठ्यांसकट.

"अगं, अगं, तिथे नको!" सासूबाई ओरडल्या. "तिथे देव आहेत!"

"असू द्यात की," ठकूबाई म्हणाली. "आमाला काय तरास न्हाई त्यांचा."

ह्यांना हसू आवरेना, म्हणून ते खिडकीबाहेर भाताची खळी बघू लागले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी वाट बघत होते, की घंटा वाजेल आणि सासूबाईंना आणखी एक कारण मिळेल. भाताची झोडणी गेली, भुकूम तर केव्हाच मागे पडलं होतं, घोटावड्याचा फाटा गेला, रस्ता चांगला लागला, भाऊजींनी वेग घेतला. घंटा गप्प. बस तुपावरून घसरल्यासारखी चालली होती. सासूबाईंनी पिंपावरचे हात सोडले. पौड येईतो त्या चक्क डुलकी काढत होत्या.

"बघितलंत वहिनी?" भाऊजी ओरडले. "पाटा बसला!"

पौडला बाया उतरल्या. ठकूबाईने देवांना हात जोडले, सासूबाईंना जोडले नाहीत. आम्ही गरम भजी घेतली (सासूबाई सोडून), आणि आंबेमोहोर स्वस्त मिळाला म्हणून एक पोतं घेऊन मागे टाकलं. पौडला जाल तर तांदूळ घ्या, घासाघीस करा, विकणारी बाई ऐकते. मग निघालो, आणि गाव मागे पडतंय तोच घंटा! पूर्वीपेक्षा जोरात. एका हिसक्याला सासूबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. तेवढं एकच. पण तो आवाज ऐकून ह्यांचा चेहरा उतरला.

"रस्ता खराब आहे," भाऊजी म्हणाले. रस्ता देवाच्या दयेने आरशासारखा होता.

मुळशीचं पाणी दिसलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं. चहूकडे डोंगर, मध्ये निळंशार पाणी, आणि त्या पाण्याखाली गावं गेलीत म्हणे, देवळांसकट. मी हात जोडले. खाली उभ्या देवांना लाटांची तरी घंटा असेल, असं वाटून गेलं. देवळाच्या धर्मशाळेत जागा मिळाली, मोफत. भाऊजी बसखाली शिरले. सासूबाई ओसरीवर पाठ टेकून बसल्या होत्या. कंबर शेकायला मी विटेचा तुकडा तापवून दिला.

"मोडीत घाला म्हणावं," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्या नशिबात दौंडच."

मला बोलल्याशिवाय राहवेना. "आई, एक विचारू? पिरंगुट ते पौड घंटा वाजली नाही. तीच बस, तोच पाटा. फरक इतकाच, की पुढे त्या बाया होत्या."

त्यांनी विटेचा तुकडा दुसऱ्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांची बैलगाडी होती. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याला फास. मग ते आम्हा पोरांना म्हणायचे, पुढे सरका रे." त्यांनी बसकडे पाहिलं. "ही उलाळच झाली आहे. पुढे नुसते देव, आणि देवांना वजन कुठलं?"

मी वीट पुन्हा तापवायला उठले. कारण पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच बोलायचं होतं आणि ते सोपं नव्हतं. सगळं ओझं मागे लोटलं होतं ते त्या लाल रेघेने, आणि ती रेघ त्यांची होती. देव मागे न्यावेत, तर जन्मभर देवाकडे पाठ करून बसायचं. ओझं पुढे आणावं, तर सोवळं गेलं. काशी हवी तर सोवळं नाही, सोवळं हवं तर काशी नाही, आणि गंमत अशी की काशी हवी होती ती सोवळ्यासाठीच.

सकाळी त्यांनी धरणाच्या पाण्यात अंघोळ केली, पूजा केली, आणि बसच्या दारात उभ्या राहून हुकूम सोडायला सुरुवात केली. "जातं पुढे घ्या. त्यावर नैवेद्याचं पीठ होतं. पिंपं पुढे. पाणी सोवळ्यातलंच आहे." भाऊजींनी तोंड उघडलं. "तू बोलू नकोस, तू उचल." पोती पुढे आली. तांदळाचं पोतं देवाखाली ठेवताना म्हणाल्या, "अक्षता आहेत त्या. जरा जास्त आहेत एवढंच."

बस निघाली. घंटा वाजली, पण दबक्या आवाजात, मधूनमधून. सासूबाई मागे उरलेल्या एका ट्रंकेवर बसून ऐकत होत्या. मग उठल्या. प्रवासातलं पारोसं लुगडं, अंगावर कालची शाल. दांडीला धरत धरत पुढे आल्या, रेघेपाशी थांबल्या, आणि पदर सावरून पलीकडे गेल्या. देव्हाऱ्याला टेकून बसल्या. आमच्या सासूबाई चांगल्या भरल्या अंगाच्या आहेत. घंटा थांबली.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "या इकडे सगळे."

पौडच्या फाट्यावर ठकूबाई आणि तिच्या जोडीदारणी एस.टी.ची वाट बघत होत्या. घोंगड्या खपलेल्या, हात मोकळे. सासूबाईंनीच हाक मारली, "ए ठकूबाई, ये. पुढे बस हो, पुढेच!"

"काल तर नगं म्हनत व्हता!"

"आज वजन पाहिजे आम्हाला."

"आमी काय पोती हाय व्हय?"

"छे. पोती इतकं बोलत नाहीत."

ठकूबाई जी हसली, ती पिरंगुटपर्यंत हसतच होती. तिथे उतरताना तिने विचारलं, एवढ्या म्हातारपणी कुठं निघालाय? सासूबाईंनी सांगितलं. ती म्हणाली, "मंग माज्यासाटी गंगंचं पानी आना, शिसीभर." सासूबाई म्हणाल्या, "आणीन. तुझी घागर फेडायची आहे." बस प्यायली होती ती, आपण नाही, हे त्या विसरल्या असाव्यात. मी आठवण केली नाही.

घरी पोचल्यावर सासूबाई स्वतः, कुणाचा हात न धरता, उतरल्या. नंतर व्हायचं ते झालंच. बसमध्ये गोमूत्र शिंपडलं, भांडी चिंचेने घासली, लुगडी धुतली, सबंध दुपार माझी त्यात गेली. फक्त पुसट झालेली रेघ पुन्हा ओढायला त्यांनी गेरू मागितला नाही. भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगतात, की शेवटी पाटाच बसला.

माघात काशीला निघायचं ठरलं. बातमी आळीत फुटली आणि एकेक बाई "आम्हालाही न्या" म्हणून यायला लागली. पूर्वी नवीन बाई दारात आली, की सासूबाई पहिल्यांदा गोत्र विचारायच्या. काल पलीकडच्या वाड्यातल्या जोशीकाकू आल्या. जप-तप, उपास-तापास यात सबंध आळीत त्यांचा पहिला नंबर, आणि म्हणूनच अंगाने काडी. सासूबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मागे बसा."