दोन दिवसांपुरता चहा

दुपारची जेवणं उरकून महानंदा स्वयंपाकघरातच फरशीवर आडवी होते. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर तीही नाही. उशाशी चहाचा डबा, कोरा कागद आणि दोऱ्याचं रीळ तसंच पडलेलं आहे. सकाळपासून तिनं त्या डब्याचा पन्नास वेळा वास घेतला, पण पुडी बांधायला हात धजावत नाही. उद्या शनिवार. लेक सुवर्णा तिला दोन दिवस डोंगरावरच्या देवाला नेणार आहे, आणि गावाला जाताना घरचा चहा बांधून न्यायचा हा या घरचा नेम.

नेम तिच्या नवऱ्याचा, शिवलिंगअप्पांचा. तासगावात किराणा दुकानात जन्म गेलेला माणूस. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो, असं म्हणायचे आणि परक्या चहाला तोंड लावायचे नाहीत. पुडी बांधावी तीही त्यांनीच. घट्ट, चौकोनी, आणि गाठ एका ओढीत सुटणारी. महानंदाची गाठ दातानं तोडावी लागायची.

गेल्या साली याच डोंगरावर निघताना अप्पांना दुकानातून यायला उशीर झाला, म्हणून पुडी तिनं बांधली. चहाचा आणि शिकेकाईचा डबा एकाच मापाचा, एकाच रंगाचा. घाईत हात चुकला. सकाळी भक्तनिवासाच्या खोलीत आधणात पूड पडली आणि भांडंभर फेस आला. अप्पा पोट धरून हसले. "नंदा, चहा पाजतीस का न्हाऊ घालतीस?" म्हणाले, आणि चहाची पूड आणायला ऐंशी पायऱ्या उतरून खाली गेले. परत चढताना मध्येच एका पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

लोक म्हणाले, वेळ आली होती. वेळ कसली डोंबलाची? शिकेकाई होती. वर्षभर महानंदा स्वतःला हेच सांगते आहे.

"अजून बांधली न्हाईस व्हय?"

अप्पा ओट्याला टेकून उभे आहेत. अंगात गंजिफ्रॉक, कानावर दुकानातली पेन्सिल. महानंदाला नवल वाटत नाही, नुसती घाई सुटते.

"बांधते, बांधते. तुम्ही जाऊ नका कुठं."

ती डबा कागदावर ओतते. शिकेकाई. दुसरा उघडते. शिकेकाई. साखरेच्या बरणीत, पिठाच्या डब्यात, विभूतीच्या वाटीतसुद्धा तीच तपकिरी पूड.

"अहो, चहा कुठं ठेवलाय?"

"मला काय विचारतीस? घर तुझं."

ती फळीवर हात लांबवते, तर ती फळी म्हणजे एसटीचं बाक आहे. सगळे डबे तिच्या मांडीवर, खिडकीबाहेर ऊस मागं पळतो आहे. शेजारी अप्पा तिकिटाची घडी घालत बसलेत. ती एकेक झाकण उघडत राहते, नखं दुखेपर्यंत. मग गाडी नाही, पायऱ्या आहेत. अप्पा पायात चप्पल सरकवतात.

"आलोच."

"नको! एक दिवस बिनचहाचं राहा. पाया पडते तुमच्या." तिनं त्यांचं गंजिफ्रॉक मुठीत धरलं आहे. "माझ्यामुळं गेलात हो तुम्ही. माझ्या हातानं गेलात."

"दोन डबे एकसारखे कुणी आणले?"

"तुम्ही."

"एकावर एक फुकट होता म्हणून," अप्पा हसतात. "मग माझ्यावर रागव की."

"रागावते! रागावले तर परत येता का?"

अप्पा पायरीवर बसतात, तिच्या हातातला कागद घेतात, पूड ओततात, कडा दुमडतात, दोरा फिरवतात.

"बघ नीट. आतातरी शीक."

महानंदा त्यांच्या हातांकडे बघतच नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघते आहे, तेवढंच तिला हवं आहे. गाठ कशी पडली ते याही वेळी राहूनच जातं. अप्पा पुडी तिच्या ओंजळीत ठेवतात आणि उतरू लागतात. ती मागं धावते, हाका मारते, पायऱ्या संपत नाहीत. अप्पा मात्र दिसेनासे होतात.

"आई! अगं, ओरडतेस काय?"

दारात सुवर्णा. चार वाजले आहेत. महानंदाच्या मुठीत तिचाच पदर आहे, आणि उशाशी, जिथं कोरा कागद होता तिथं, पुडी. घट्ट, चौकोनी. दोऱ्याचं एक टोक बाहेर लोंबतं आहे.

"बांधलीस होय? वास घेतलास ना?"

"नाही."

"अगं! पुन्हा तसंच व्हायचं. आण, सोडून बघते."

सुवर्णा दोऱ्याला हात घालते तशी महानंदा पुडी झडप घालून उराशी धरते.

"हात लावू नको. तिथं टपरीवरचा पिऊ आपण. मीही पिईन."

"पण आत चहाच आहे कशावरून?"

"काही का असेना," महानंदा म्हणते आणि तिला रडू फुटतं. "एका ओढीत सुटेल गं ती. मग परत बांधणार कोण?"