गढीच्या वाटेवरचे काटे

सन पंच्याऐंशीच्या सुमारास मी बोथ नावाच्या गावी नोकरीला होतो. आमच्या कचेरीतल्या चपराशाला काहीही किती लांब आहे ते विचारलं, की तो हात पुढं करून म्हणायचा, "हे काय, आलंच!" साहेबांची सही असो की पुढचं गाव, त्याच्या लेखी सगळं आलेलंच असायचं.

त्याच्याच भरवशावर एका रविवारी सागवानाच्या जंगलातली एक पडकी गढी बघायला आम्ही निघालो. सोबत बायको आणि नागपूरचा मेहुणा, वाट दाखवायला चपराशी. मी रोज पाच मैल चालतो, अशी थाप मेहुण्याला आदल्या दिवशीच मारून ठेवलेली. पहिल्याच चढाला माझ्या छातीचा भाता झाला. तेवढ्यात चपराशी मटकन खाली बसला.

"थांबा न साहेब, काटा रुतला."

मी चिडल्यासारखं केलं आणि लगेच बसलो. दुसऱ्या चढाला पुन्हा काटा.

तिसऱ्या काट्याला मेहुणा हसला. "काय भाऊ, सगळे काटे तुमालेच काऊन रुतून राह्यले?"

बायकोनं बांगडीतली पिन काढली. "दाखवा पाय."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी अजून धापाच टाकत होतो. त्यानं निमूट पाय पुढं केला. ती टोचत राहिली, तो "जरासं खाली, वहिनी" म्हणत राहिला. रक्ताचा थेंब आला. माझा श्वास जागेवर आला, तेव्हा कुठं तो म्हणाला, "निघाला!"

बायकोनं पिन उन्हात धरली. "अहो, टोकाला तर काहीच नाही."

"इकडचा काटा बारीक असतो," असं म्हणून मी सगळ्यांच्या पुढं चालू लागलो.