इतका वेळ कोणाकडे होतीस?

शाळेत उशिरा आलेल्या मुलाला कोणीही विचारील, उशीर का झाला? सुंदराबाई टीचर तसं विचारत नसत. वर्गाच्या दारात आडव्या उभ्या राहून, डोळे बारीक करून त्या विचारायच्या, "इतका वेळ कोणाकडे होतीस?" जणू पोरगी त्यांना चुकवून दुसऱ्याच कोणाच्या घरी रमून आली होती. मूल बिचारं खरं काय ते सांगायचं. चेन्नईहून मामा आला होता, मांजर व्याली, आजोबांनी देवळात नेलं. टीचर त्या मामावर, त्या मांजरीवर आणि आजोबांवर मनापासून चिडायच्या. मुलावर कधी नाही. मूल त्यांच्या लेखी निर्दोषच असायचं. त्याला कोणीतरी पळवलेलं असायचं.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन तंजावरला आले, ते राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. आमच्या घरी मराठीच बोलतात, पण ती तमिळच्या चालीवर, आणि सुरुवातीला मला निम्मी कळायची नाही. नवरा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत. सकाळच्या बसने जायचा तो दिवेलागणीला परत. सासूबाई बऱ्याचदा तिरुवैयारूला दिरांकडे असायच्या. एवढ्या मोठ्या गावात माझं म्हणून बोलायला एकच माणूस होतं, माझी मीनू. ती पहिलीत जायला लागली आणि दुपार संपता संपेना.

पालकांच्या पहिल्या सभेत टीचरांना नीट पाहिलं. ठेंगणी, सावळी बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचे वडीलसुद्धा ताठ बसले. तमिळमध्ये बोलून झालं की आम्हा दोन-चार मराठी घरांसाठी त्या पुन्हा मराठीत सांगायच्या. "घंटा नऊला अहे. नऊला म्हणजे काय? दप्तर जागेवर ठिवलेलं, पाणी पिऊन झालेलं, रडायचं असलं तर रडून झालेलं. अंगात ताप असला तर घरी ठिवा. पण कळवा. न कळवता पोर घरी राहिली तर मी येणार." एक जण उठून म्हणाले, "टीचर, पहिलीच तर आहे. एखाद्या दिवसाने काय होतं?" त्यावर त्या म्हणाल्या, "एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी पोर पाहुणी होऊन येते. कुठं बसायचं, कोणाशी बोलायचं, विचारत बसते. मला वर्गात पाहुणे नकोत."

मला ते पटलं. घरी आल्यावर मात्र पटेनासं झालं. कारण मीनू माझ्याकडे पाहुणी झाली होती. मी उठवलं की कूस बदलायची. "टीचर दारात उभ्या असतील," म्हटलं की ताडकन उठून बसायची. मी वेणी घातली की "टीचर अशी घालत नाहीत." मी गोष्ट सांगितली की "टीचरांच्या गोष्टीत कोल्हा शेवटी मरत नाही." मी तिला 'आम्ही, तुम्ही' शिकवावं आणि तिने संध्याकाळी टीचरांसारखं 'अमी, तुमी' म्हणत यावं. रविवारी दुपारी ती खिडकीत बसून विचारायची, "आज शाळा का नाही?" सवत आली तर कसं वाटत असेल, याची कल्पना मला एका प्राथमिक शिक्षिकेने आणून दिली.

एकदा पावसाळी सकाळ होती. मीनू दोनदा शिंकली. मी लगेच दप्तर आत ठेवलं, तिच्या पायांत मोजे घातले, सुंठेचा काढा केला. कळवलं नाही. दिवसभर आम्ही भातुकली खेळलो. इतका चांगला दिवस कितीतरी महिन्यांत गेला नव्हता. शाळा सुटली आणि दारात सुंदराबाई टीचर. छत्री मिटून, चपला काढून सरळ आत आल्या. मीनू धावत जाऊन त्यांच्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. त्यांनी उलट्या हाताने तिचं कपाळ पाहिलं, गळा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मीनूच्या आई, हिला ताप नाही."

"सकाळी शिंकत होती."

"सर्दी हिला झाली, का तुमाला करमत नाही?"

मी कॉफी करायला आत गेले. बाहेर त्या दोघी त्या दिवशी शिकवलेलं अक्षर गिरवत बसल्या. तमिळमधला, आपल्या ळपेक्षा वेगळा, जिभेला वळसा घालावा लागतो तो ळ. मला तो अजून नीट येत नाही. मीनूला दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आला, आणि टीचरांनी तिचा जो मुका घेतला, तो मला भांड्यांच्या फळीआडून दिसला.

पुढे माझ्या नणंदेचं, जानकीचं लग्न ठरलं. लग्न तिरुवैयारूला, आठवड्याच्या मधोमध. मी रजा मागायला गेले. या खेपेला रीतसर.

"नवरी कोण, मीनू?" टीचरांनी विचारलं.

"नाही, तिची आत्या."

"मग मीनूला तिथं काय काम?"

"टीचर, घरचं लग्न आहे."

"सेरि, ठीक अहे. मला पत्रिका द्या."

दिली. पहाटेचा मुहूर्त होता. टीचर पहिल्या बसने आल्या, अक्षता टाकल्या, जानकीला तोंड भरून आशीर्वाद दिला, पंगतीत बसून इडली-पोंगल खाल्लं. हात धुतले आणि म्हणाल्या, "लग्न लागलं. अत्ता बस अहे. चल गं." आणि मीनू निघाली! रेशमी परकर, हातभर बांगड्या, केसांत माझ्याच हाताने माळलेली फुलं. त्या दिवशी शाळेच्या कपड्यांची अट टीचरांनी सोडली, वेळेची नाही. मीनू जाताना हसत होती. मला वाटलं होतं रडेल, माझा पदर धरील. सासूबाई सगळ्यांसमोर मला बोलल्या, "पोरगी तुझी का त्या बाईची?" घरच्या सगळ्यांचा फोटो निघाला त्यात मीनू नाही. तो अजून दिवाणखान्यात आहे. मी तिकडे फारसं बघत नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, हिला दुसऱ्या शाळेत घाला. इंग्रजी चांगलं होईल, दारात व्हॅन येते. त्याने शांतपणे विचारलं, "इंग्रजीसाठी म्हणतेस का?" मी ताटं घ्यायला उठले, आणि त्याने फॉर्म आणला नाही. मीनू त्याच शाळेत पाचवीपर्यंत शिकली. पहिली सुटली तरी सकाळी आधी टीचरांच्या दारात तोंड दाखवून मग ती आपल्या वर्गात जायची.

ती पाचवीत होती तेव्हा टीचर निवृत्त झाल्या. गुडघे गेले होते. कोइमतूरहून त्यांचा मुलगा प्रभाकर त्यांना न्यायला आला. सामान बांधायला मदत म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर ही बाई गावातून जाते याची खात्री करून घ्यायला गेले. टीचर शेजारणींचा निरोप घ्यायला बाहेर पडल्या होत्या. प्रभाकर आणि मी भांडी कागदात गुंडाळत बसलो.

"तुमच्या मुलीवर आईचा फार जीव," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. आवाजात कडवटपणा उतरला असावा, कारण तो हसला.

"मीही पहिलीत आईच्याच वर्गात होतो. तिथं तिला टीचर म्हणायचं, घरी आई. घरी ती दमलेली असायची. एकदा मुद्दाम देवळापाशी वेळ काढून उशिरा गेलो. वाटलं, मलाही विचारील, इतका वेळ कोणाकडे होतास म्हणून."

"मग?"

"काही नाही. बस म्हणाली जागेवर." त्याने पेला कागदात गुंडाळला आणि पुन्हा उघडून पाहिला. "वर्गातल्या एकेका पोराचा राग यायचा मला. अजून येतो थोडा. तुमच्या मुलीचासुद्धा."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की मला बरं वाटलं. माझ्यासारखं आणखी कोणी आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

टीचर गेल्या. मीनू दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. आता ती हायस्कूलला जाते, स्वतः उठते, स्वतः वेणी घालते, आणि मी असो, टीचर असोत, कोणाचीच तिला सकाळी आठवण होत नाही.

गेल्या जूनमध्ये एकदा सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. टीचर होत्या. प्रभाकरची मुलगी पहिलीत गेली होती. काठी टेकत टेकत टीचर तिला शाळेत सोडून नुकत्या परतल्या होत्या.

"फाटकाच्या आत सोडत नाहीत मला," त्या म्हणाल्या. "पालकांनी बाहेर थांबायचं म्हणे. मी पालक!"

"मुलगी रडली का?"

"रडते कशाला? बोट सोडलं आणि पळाली. मागं वळून पाहिलं नाही. तिची टीचर पोरसवदा अहे. काय शिकवणार ती? घरी आली की पोर झोपेपर्यंत तिचंच नाव घेते." मग एकदम त्यांनी विचारलं, "मीनूच्या आई, तुमी काय करत होता? मीनू आत गेल्यावर?"

इतकी वर्षं मनात साठवलेली उत्तरं होती. ती तशीच राहू दिली.

"घरी यायचे," मी म्हटलं. "तिला आवडतं ते काहीतरी खायला करून ठेवायचे. बहुतेक अप्पे."

"रोज?"

"रोज."

"त्यानं काय होत होतं?"

"काही नाही, टीचर. खायची, आणि तुमच्याबद्दल बोलायची."

"सेरि," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "अप्पे कसे करता तुमी? तांदूळ किती, उडीद किती?"

मी सांगत गेले. त्यांनी मला दोनदा थांबवून पुन्हा विचारलं.